कोहळं कोणाच्या नावावर

वरचा पुरा,
दि. २८ सप्टेंबर २०२५

ती. विमलआत्याबाई यांस,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र काहून लिहिते ते तुमाले मालूम हाय. तुमी माह्या आईशी बोलत नाही, आई तुमच्याशी बोलत नाही, अन् तुमच्या फोनात आमचा नंबर बंद करून ठेवला. मले तर कोणाच्या समोर उभं राहून चार शब्द बोलता येत नाही, हे तुमी गावाच्या दोन्ही पुऱ्यात सांगून ठेवलंच हाय. म्हणून उकंडाबाबा सकाळी गायी चारायले घेऊन तुमच्या दारावरून जातीन, तवा त्याईच्या हाती देऊन राह्यली. त्याईले वाचता येत नाही, तवा मोकळ्या मनानं लिहिते.

इकडं आईचा गुडघा सोडला तर सगळं ठीक. सोयाबीन सोंगून ताडपत्रीखाली ठेवलं. कापसाची बोंडं अजून फुटाची हायत.

आता मुद्द्याचं. दिवाळी झाल्यावर जो रविवार येते, २६ तारीख, त्या दिवशी मारुतीच्या पारावर कोहळ्याची पंगत हाय, सगळ्यात जड कोहळ्याले पयला नंबर. मंडळाचे वामनराव काल नावं लिहायले आलते. आमच्या कोठ्यामागं शेणखताच्या खड्ड्यावर म्या जो वेल लावला, त्याचं कोहळं यंदा माह्या नावावर लागन. तुमच्या गोपालदादाच्या नाही.

मागच्या सालीबी वेल माह्याच होता. पाणी म्या घातलं, डुकरं म्या हाकलली. सव्वीस किलो भरलं, पयला नंबर आला. बाबा गेल्यापासून घरात कापायले माणूस नाही म्हणून गोपालदादाले बोलावलं, अन् ज्यानं सुरी घातली त्याचंच नाव फळ्यावर गेलं. पेपरात फोटोबी त्याचाच. मी मंडपाच्या मागं पुऱ्या लाटत बसलती. आईनं नळावर एवढंच म्हटलं का पोरीचं नाव राह्यलं. तेवढ्यावर तुमी वर्षभराचा अबोला धरला.

बाबा गेले तवा मी नववीत होती. शाळेतल्या हजेरीतून नाव गेलं, त्याच्यानंतर ते कुठंच लागलं नाही. वावर आईच्या नावावर, राशनकार्डात मी खालून पयली. म्हणून एक कोहळं पाह्यजे.

माया असू द्या असं शेवटी लिहाची रीत हाय, म्हणून लिहिलं.

तुमची भाची,
वैष्णवी


खालचा पुरा,
दि. ३० सप्टेंबर २०२५

चि. वैष्णवीस,
विमलआत्याचे अ. उ. आ.

आशीर्वाद द्या लागते म्हणून दिले. तुह्यं पत्र वाचून तोंडात दुसरंच आलतं. मी वाचत होती तवा उकंडा दारात उभाच, म्हणे बाई, कोणी मेलं का. म्या म्हटलं नाही, आमच्या भाचीले वाचा फुटली. शाळा सोडली पण शाई सोडली नाही तुवा.

कोहळं तुह्यं कसं झालं ते मले समजून सांग. बी कोणाचं? माह्या मायच्या मडक्यातलं. तेच बी मी लगनात पदराले बांधून इथं आणलं, गावातल्या गावात दिली म्हणून का मी परकी झाली? तुह्या बापानं ते बी माह्याच घरून नेलतं. तू पाणी घातलं म्हणतं. पाणी तर आमची म्हैसबी पेते, म्हणून नदी काय तिची झाली का.

अन् कोहळं म्हणजे घरातला मोठा लेक. अख्ख्या कोहळ्याले बाई पयली सुरी लावत नाही, माणसानं लावाची, मग बाईनं फोडी कराच्या. हे तुह्या मायनं तुले शिकवलं नसन तर मी शिकवते. ज्याची सुरी त्याचं नाव. मंडळाची रीत हाय, मी काय घरी बसून केली नाही.

आता नीट वाच. पंगतीच्या दिवशी नेरकडचे पाहुणे गोपालले पाहायले येऊन राह्यले. पोरीचं नाव अर्पिता, बारावी शिकलेली, बाप शेतकरी. म्या त्याईले पेपरातला फोटो दाखवला अन् सांगतलं का हे कोहळं आमच्या गोपालनं आपल्या हातानं पिकवलं, यंदा तर याच्याहून मोठं हाय. बाप खुश झाला. म्हणे, असा हाताचा पोरगा आजकाल भेटत नाही. पाहुणे मंडपात पयल्या रांगेत बसतीन. त्याईच्या समोर फळ्यावर गोपालचं नाव पाह्यजे.

तुले नावच पाह्यजे असन तर लगन करून टाक, नवऱ्याचं भेटन.

आईच्या गुडघ्याले निरगुडीचा पाला बांध. मी सांगतलं म्हणून सांगू नको, नाहीतर बांधणार नाही ते.

आपली मोठी माणसं अजून जित्ती हायत हे ध्यानात ठेवणारी,
तुही आत्या


वरचा पुरा,
दि. ३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्याबाईस,
शि. सा. न. वि. वि.

काल दसऱ्याचं सोनं द्यायले मी तुमच्या दारी आलती. दार अर्धं उघडं होतं, आतून तुमच्या बांगड्याचा आवाज येत होता. मी उभी राह्यली. कोणी ये म्हटलं नाही. सोनं उंबऱ्यावर ठेवून आली. गोपालदादाचे बाबा, किसनमामा, ओट्यावर होते, ते म्हणे तुही आत्या न्हाऊन राह्यली. संध्याकाळी सहा वाजता तुमी दुसऱ्यांदा न्हाल्या असान.

गोपालदादा आमच्या घरी आलता. आईच्या पाया पडला, चहा पेला, आपल्या चपलेकडं पाहत बसला. आईनं नेरच्या पाहुण्याचं विचारलं तर कान लाल झाले त्याचे. खोटं सांगणाऱ्याचे होत नाही, ऐकणाऱ्याचेच होते.

पण पत्र त्याच्यासाठी नाही. आज सकाळी मी कोहळ्यापाशी गेली तर देठाच्या बाजूले सालीवर भोक. बारीक, गोल, खोल. त्यातून डिंक येऊन राह्यला. आई म्हणे मुंगीनं केलं असन. मुंगी दाभण घेऊन फिरत नाही.

ते कोहळं म्या कसं केलं तुमाले सांगते, म्हणजे पाहुण्याले सांगतांनी तुमचं चुकणार नाही. पहाटे नर फूल तोडून मादी फुलावर घासलं. बाकीची सगळी फळं खुडली, एकच ठेवलं, म्हणजे वेलाचं सगळं त्यालेच जाईन. खाली तुरीच्या कुटाराची गादी केली, ओल लागू नये म्हणून. रोज सकाळी बोटाच्या पेरानं वाजवते, घागरीवानी टणटण बोलते. गोपालदादाले विचारून पाहा का मादी फूल कसं ओळखतेत. त्यानं सांगतलं तर कोहळं तुमचं.

भोक कोणी केलं ते लिहून पाठवा. खोटं लिहू नका, उकंडाबाबानं तुमाले आमच्या गल्लीत पाह्यलं.

रीत म्हणून नमस्कार, बाकी काही नाही.

वैष्णवी


खालचा पुरा,
दि. ५ ऑक्टोबर २०२५

चि. वैष्णवीस,
अ. उ. आ. जेवढे उरले तेवढे.

उकंड्याले विचारायची काय गरज. मीच आलती. तुमी दोघी मायलेकी दसऱ्याच्या सकाळी मारुतीले गेलत्या तवा. माह्या भावाचं घर हाय ते, मले तिथं यायले कोणाची चिठ्ठी लागत नाही.

अन् मी काही अडाणी नाही. कोहळ्याले बोट दाखवलं का ते सडते, हे मी तुह्या जन्माच्या आधीपासून पाळते. मी आल्यापासून जाईपर्यंत मूठ आवळून होती. किसनरावाले दाखवायचं होतं किती मोठं झालं ते, तर मुठीनंच दाखवलं. एक बोट उघडलं नाही. विचार त्याईले.

दाभणीचं म्हणतं तर पिकलं का नाही ते पाहा लागत होतं. आमच्या घरी सोयाबीनचे पोते शिवणं चालू होतं, दाभण कमरेलेच खोचलेली होती. टोचून पाह्यलं. बोटभर आत गेली, म्हणजे साल अजून कवळी हाय, पंधरा-वीस दिवस वेलावर राहू दे. एवढं तर तुले फुकट सांगतलं म्या. दाभणीनं कोहळं मेलं असं मी कुठं ऐकलं नाही. दृष्ट लागली असन तर ती तुह्याच डोळ्याची, रोज जाऊन पाहतं तू.

मादी फूल का नर फूल हे पाहुणे विचारत नसतेत. ते पोराची तब्येत पाहतेत, वावर पाहतेत.

आखरीचं सांगते. पुऱ्यातल्या समद्या माणसाईले म्या सांगून ठेवलं का या पोरीच्या कोहळ्याले सुरी लावाची नाही, ते गोपालचं हाय. वामनरावालेबी सांगतलं. बापा माघारी कोणाच्या दारात जाशीन कापायले माणूस मागायले? तुह्यानं तर राम राम म्हणवत नाही.

मनानं मोठी हो अशी इच्छा धरणारी,
विमलआत्या


वरचा पुरा,
दि. ९ ऑक्टोबर २०२५

ती. आत्याबाईस,
नमस्कार वि. वि.

मूठ आवळली अन् दाभण खुपसली. एवढं वाचून आई किती दिवसानं हासली.

भोकात म्या चुना भरला, वरून राख दाबली. डिंक थांबला. वरून पाहिलं तर कळत नाही. अजून टणटण वाजते.

तुमी समद्या माणसाईले सांगून ठेवलं ते बरं केलं, माह्यं हिंडणं वाचलं. मी कोणाच्या दारात जाणार नाही. कोहळं मीच कापीन. मंडपात, फळ्यासमोर, आमच्या घरच्या इळ्यानं. ज्याची सुरी त्याचं नाव, तुमीच लिहिलं. तुमचं पत्र जपून ठेवलं हाय, वामनरावाले दाखवीन. बोलता नाही आलं तर कागद पुढं करीन.

मोठा लेक म्हणतां. आमच्या घरी तो नाहीच, तवा भ्याचं कोणाले.

गुडघ्याले पाला बांधला. कोणी सांगतला ते म्या सांगतलं नाही.

तुमच्यासाठी मनात जागा होती, तिथं आता चुना हाय.

वैष्णवी


खालचा पुरा,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

वैष्णवी,

आज वरचं काही लिहिलं नाही.

बाईनं अख्खं कोहळं फोडलं तर ते मोठ्या लेकाले भोवते. तुले हे मालूम हाय अन् तरी तू लिहितं का भ्याचं कोणाले. तुह्या घरी लेक नाही, मग ते कुठं जाईन? दोन्ही घरं मिळून एकच लेक हाय. तू पोट्टी असून माह्या पोराच्या जिवावर उठली. तुही माय हे वाचून हासली असन तर तिलेबी सांग, का तुह्या बाप गेला तवा त्याले पाणी पाजायले कोण आलतं. हाच आलता. तुमच्या वावरात यंदा डवरा कोणी हाणला? यानंच.

गोपाल तेहतीस वर्षाचा झाला. अकरा ठिकाणी पाह्यलं. एकीले नोकरीवाला पाह्यजे, मग चपराशी असला तरी चालन. एकीले पुण्याचा पाह्यजे. आर्णीच्या एकीच्या मायनं तर आमच्या घरचं पाणी पेलं नाही, म्हणे उशीर होते. दर वेळी तो नवा शर्ट घालते, दर वेळी ते शर्ट मीच धुऊन घडी करून ठेवते. त्याले बोलता येत नाही. तुह्यासारखाच हाय तो, तोंडात मूग. पाहुण्याईसमोर त्याच्याकडून बोलन असं काहीतरी पाह्यजे होतं. तो फोटो बोलला. पयल्यांदा कोणाच्या तरी बापानं माह्या पोराकडं मान वर करून पाह्यलं.

म्हणून ते कोहळं पाह्यजे. मी तुह्या पाया पडणार नाही. मी मोठी हाय, अन् तुह्या मायसमोर तर मेली तरी वाकणार नाही. पण इळा हातात घेतला तर याद राख, तुह्या बापाच्या नावानं या घरात जे पान वाढतो ते यापुढं वाढणार नाही.

उत्तर नाही दिलं तरी चालन. दिलं तर सोच करून दे.

विमल


वरचा पुरा,
दि. २४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्याबाईस,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. दिवाळीत चकल्या, शेव, मग वेचणी लागली.

काल भाऊबीजेले गोपालदादा आलता. पाटावर बसला, म्या ओवाळलं. स्टीलचा डबा घातला ताटात, त्याच्यात तुमच्या हातचे अनारसे होते. कोणाचे ते त्यानं सांगतलं नाही, पण एवढे कडक तुमचेच असतेत. आईनं दोन खाल्ले.

तुमी जिंकल्या. कोहळं गोपालदादाच्या नावावर लावा. उद्या बैलबंडी पाठवा, मी देठासकट तोडून ठेवते. नेतांनी कुटारावरच ठेवा, आदळू देऊ नका, अन् पंगतीपर्यंत घरात सावलीत राहू द्या. आज सकाळी म्या ते वाजवून पाह्यलं. आता न्याले हरकत नाही.

वामनरावाले म्या निरोप पाठवला का माह्यं नाव खोडा.

पाहुण्याईचं चांगलं होवो. मी पुऱ्या लाटायले येईन.

तुमची भाची म्हणवणारी,
वैष्णवी


खालचा पुरा,
दि. २८ ऑक्टोबर २०२५

वैष्णवीस,

आशीर्वाद आज नाही.

तू मागं पीठ मळत बसलती, तवा पुढचं तुले दिसलं नसन, म्हणून मीच सांगते. मी शंभरावर बोंडं तळले होते, कोहळं शिजवून, गूळ कालवून, पहाटेपासून. पाहुणे आले. अर्पिता पोरगी सावळी, नाकीडोळी नीट. ती गोपालले विचारे, किती दिवस लागतेत, पाणी कसं देतेत. तो म्हणे, होते. एवढंच. तरी ते हासली. बाप काट्यापाशी जाऊन उभा राह्यला. कापसाच्या काट्यावर कोहळं चढवलं, एकोणतीस किलो. दुसऱ्याचं बावीसच्या वर गेलं नाही. वामनरावानं फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं, गोपाल किसनराव. मी बोंडाचं ताट घेऊन उभी होती, माह्या डोळ्यात पाणी आलं.

मग त्यानं सुरी लावली. लोण्यात जावी तशी गेली सुरी. दोन फाकी आपोआप झाल्या, अन् आतून काळं पाणी. त्याच्या नव्या शर्टावर, पाहुण्याच्या चपलेवर. वास असा का पयली रांग उठली. मंडपातले पोट्टे नाक दाबून हासे. वामनराव मायकावर म्हणे, गोपालच्या कोहळ्याले तर विहीर लागली. साऱ्या गावानं दात काढले. पाहुण्यानं विचारलं, कधी तोडलं होतं, आधी कळलं नाही का. तो खांबावानी उभा. हातात सुरी, गळ्यापर्यंत घाण, अन् तोंडातून एक शब्द नाही.

तवा तू उठली. पिठाचे हात घेऊन, त्या सगळ्या माणसाईच्या मधून. सतरा वर्षात तुह्या आवाज मी धड ऐकला नाही अन् तू वामनरावाच्या हातातला मायक घेतला.

“कोहळं माह्यं हाय. पेरलं म्या, पाणी म्या घातलं. सडलं तेबी माह्यंच.”

कोणी हासलं नाही मग. अर्पिताच्या बापानं गोपालले विचारलं, खरं हाय का. त्यानं मान हलवली. ते हात धुऊन गाडीत बसले. बोंडाले हात लावला नाही.

आज सकाळी फोन आला. बाप म्हणे, बाई, सडकं कोहळं आमच्याकडंबी निघते, त्याचं काही नाही. पण तुमी खोटं सांगतलं. बारावा नकार.

गोपाल तीन दिवसांपासून माह्याशी बोलत नाही. जेवते अन् वावरात जाते. शर्ट त्यानंच धुतला, मले हात लावू दिला नाही.

मी तीन दिवस एकच सोच करून राह्यली, तुवा त्याले वाचवलं का बुडवलं. त्याचं उत्तर मले नको. मले एवढंच सांग. २४ तारखेले तुवा ते पत्र लिहिलं, तवा तुले आतलं मालूम होतं का?

विमल


वरचा पुरा,
दि. २९ ऑक्टोबर २०२५

ती. आत्याबाईस,
वैष्णवीचा नमस्कार. घ्याचा का नाही ते तुमच्यावर.

मालूम होतं.

भाऊबीजेच्या सकाळी वाजवलं तर आवाज बदललेला. टणटण नाही, ओल्या पोत्यावर हात मारल्यावानी भदभद. खाली हात घालून पाह्यलं, कुटारावर टेकलेली बाजू अंगठ्यानं दबे. दाभणीच्या भोकातून आत सुरू झालं असन. वरून म्या चुना भरला, त्यानं ते आतल्या आत राह्यलं. तुमची दाभण, माह्या चुना. दोघीनं मिळून सडवलं.

मी तिथंच खड्ड्यावर बसून रडली. मग रडणं थांबलं अन् मले सुचलं का आता हे देऊन टाकावं. आईले सांगतलं नाही. तिले वाटलं पोरगी शहाणी झाली, तिनं माह्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात डोक्यावर असतांनीच म्या ठरवलं. मले तुमची मान खाली पाहाची होती. गोपालदादाची नाही, पण त्याच्यातून गेल्याशिवाय तुमच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. तुमीबी माह्याशी असंच केलतं, मागच्या साली.

मागं बसून म्या सगळं पाह्यलं. मंडपाचं कापड फाटकं हाय तिथून. सुरी गेली, पाणी आलं, लोक हासले, अन् मले बरं वाटलं. खोटं नाही लिहीत. दोन पुऱ्या लाटून होतपर्यंत लय बरं वाटलं.

मग गोपालदादानं मागं पाह्यलं. त्या फटीतून त्याले मी दिसली. त्याले एक शब्द बोलाचा होता, का हे वैष्णवीचं हाय. तो सुटला असता, मी फसली असती. साऱ्यासमोर मले पुढं ओढलं असतं तर मी घरी पळून गेली असती, अन् माह्या मनातला राग आजही तसाच राह्यला असता. पण त्यानं पाह्यलं अन् तोंड फिरवलं, म्हणजे कोणाले वाटू नये का तिथं कोणी हाय. माह्यं नाव त्यानं घेतलं नाही. मागच्या सालीबी फळ्यावर नाव लिहितांनी त्याले कोणी विचारलं नव्हतं, हे मले तवा समजलं. तुमी लिहिलं ना, तोंडात मूग. आमी दोघंबी तसेच. त्याच्यानं बोलवणार नाही हे मले पक्कं मालूम होतं, म्हणून मी उठली. चांगल्या मनानं नाही उठली. घाबरून उठली, का आता नाही बोलली तर जलमभर हे अंगावर राहीन.

तुमी ताट ठेवून पाहुण्याईच्या मागं पळाल्या, त्याच्यानंतरचं तुमाले मालूम नाही. वामनरावानं फळ्यावरचं गोपालदादाचं नाव पुसलं अन् मले विचारलं, पोरी, नाव काय तुह्यं. शेजारच्या गल्लीत राह्यतेत, तरी विचारलं. म्या सांगतलं. त्यानं लिहिलं, वैष्णवी सदाशिव गावंडे, एकोणतीस किलो, बाद. सगळ्यात वर. कोणी टाळ्या वाजवल्या नाही. मी पूर्ण वाचून होतपर्यंत तिथंच उभी होती. त्याच्यात खोटं काहीच नव्हतं.

गोपालदादाची माफी म्या काल वावराच्या धुऱ्यावर जाऊन मागतली, तोंडानं, कागदानं नाही. तो काय म्हणे ते त्यालेच विचारा. तीन दिवस तो बोलत नाही असं तुमी लिहिलं, तर तुमी त्याले काही विचारलं का तेबी पाहा. तुमची माफी मागावी असं अजून मनात येत नाही. आलं तर येईन, दार उघडं ठेवा.

बाबाचं पान वाढायचं का नाही ते तुमी ठरवा. ते तुमचे भाऊ होते, माह्या रागाशी त्याईचं काही नाही.

आईले काल रात्रीपर्यंत यातलं काही मालूम नव्हतं. सांगतल्यावर तिनं जेवण सोडलं, माह्याशी बोलत नाही. तिचं काही चुकलं नाही. नळावर ती एकच गोष्ट बोलली, अन् ते खरी होती. तवा आत्याबाई, तिच्याशी बोला. राग सोडा असं मी म्हणत नाही. ठेवाचाच असन तर यापुढं तो माह्या नावावर ठेवा.

वैष्णवी सदाशिव गावंडे